कृष्णकमळाला फळ का धरत नाही?

ज्यांच्या दारी कृष्णकमळ आहे, ते लोक मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. वेल जोमाने वाढतो, पावसाळ्यात अंगभर फुलतो, आणि तरी फळ म्हणून एक धरत नाही, हे कसे? खत कमी पडले का, माती बदलावी का, इथपासून कुणाची दृष्ट तर लागली नाही ना, इथपर्यंत चर्चा जाते. बाजारात मिळणारे पॅशनफ्रूट याच वंशातल्या वेलाचे फळ, हे आता अनेकांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे अपेक्षाही वाढली आहे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले आणि गेली काही वर्षे गच्चीवर हा वेल वाढवते आहे, म्हणून लोक माझ्याकडून दोन वाक्यांत उत्तर मागतात. उत्तर दोन वाक्यांत देता येते, पण मग ते पटत नाही. या वेलाचे नाव, त्याची चढण्याची रीत, त्याच्या फुलाची घडण आणि आपण तो एकमेकांना देतो ती पद्धत या सगळ्यांचा त्या उत्तराशी संबंध आहे. म्हणून हा लेख.

एक फूल, अनेक कथा

कृष्णकमळाचे शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा. या वंशात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य मूळच्या अमेरिका खंडातल्या, विशेषतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे मूळच्या म्हणाव्यात अशा जाती थोड्याच. आपल्या अंगणात जांभळा-निळा डौल मिरवणारा वेल त्या थोड्यांपैकी नव्हे. तो परदेशी आहे.

‘पॅशन’ हा शब्द इथे प्रेमाच्या आवेगाचा नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर भोगलेल्या यातनांना ख्रिस्ती परंपरेत ‘पॅशन’ म्हणतात. स्पॅनिश धर्मोपदेशक अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना या फुलात ती सारी कथा दिसली. 1610 साली रोममध्ये जाकोमो बोसिओ या लेखकाने वधस्तंभावरच्या आपल्या ग्रंथात मेक्सिकोहून आलेल्या चित्रांच्या आधारे या फुलाचे वर्णन केले. पुढे हे रूपक पक्के झाले. फुलातले तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे, वेलाचे तणावे म्हणजे चाबूक आणि दहा दले म्हणजे दहा शिष्य. बारातले दोन का गळले? एकाने दगा दिला आणि एकाने ओळख नाकारली, म्हणून. 1753 साली लिनियसने पॅसिफ्लोरा हे नाव शास्त्रात रुजवले.

तेच फूल आपल्याकडे आले आणि त्यातली कथा पार बदलली. मराठी घरांत लहानपणीच सांगतात, की कडेचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, त्यांच्या आतले पाच म्हणजे पांडव आणि वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. मधल्या हिरव्या गोळ्याला कुणी कृष्ण म्हणते, कुणी द्रौपदी. काही ठिकाणी या वेलाचे नावच ‘कौरव-पांडव’ आहे. मी गंमत म्हणून तंतू मोजले आहेत. शंभराचा हिशेब काही जुळत नाही, कारण तंतूंची एकच ओळ नसते. बाहेरच्या लांब तंतूंच्या आत आखूड तंतूंची आणखी कडी असतात, आणि ती धरली की कौरवांची संख्या बरीच वाढते. पाच आणि तीन मात्र अगदी चोख.

इतरांनीही आपापले पाहून घेतले. उत्तरेत याला राखीचे फूल म्हणतात आणि बंगालीत झुमकोलता, म्हणजे कानातल्या झुमक्यांची वेल. जपानी आणि हिब्रू भाषांतले नाव घड्याळावरून आलेले आहे. तंतूंची तबकडी आणि वरचे तीन काटे पाहिले की तेही पटते. फूल तेच, पण ज्याच्या घरात जे होते ते त्याला त्यात दिसले. मला हा केवळ मौजेचा भाग वाटत नाही. परक्या झाडाला आपली कथा देणे ही त्याला घरात घेण्याची पहिली पायरी असते. दुसरी पायरी त्याची गरज ओळखण्याची. तिथे मात्र आपण बहुतेकदा थांबतो.

न उमललेले फूल

वेल वाढवायचा तर तो चढतो कसा हे आधी समजून घ्यायला हवे. जाईजुई आधारावर रेलतात, गोकर्ण स्वतःच आधाराला पीळ घालते. कृष्णकमळ तणाव्यांनी चढते. काकडी-दोडक्याच्या वेलाला जे नाजूक, गुंडाळणारे धागे असतात, तेच तणावे. पण काकडीचा तणावा आणि कृष्णकमळाचा तणावा यांत मोठा फरक आहे. कृष्णकमळात पानाच्या बगलेतून जिथे फूल येते तिथूनच तणावाही येतो, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो रूप पालटलेला फुलाचा देठच आहे. वेल जो हात पुढे करतो तो मुळात एक न उमललेले फूल असते.

या हाताचा बारकाईने अभ्यास चार्ल्स डार्विनने केला. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याचा तणाव्यांवरचा 1858 सालचा छोटा निबंध वाचून त्याला या विषयाची गोडी लागली. आजारपणामुळे घरात अडकला असताना त्याने कुंडीतले वेल खोलीत ठेवून त्यांच्या हालचाली टिपल्या. 1865 साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा प्रदीर्घ निबंध आला आणि 1875 मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. पॅसिफ्लोरा ग्रॅसिलिस या नाजूक जातीबद्दल त्याने लिहिले आहे, की तपासलेल्या सर्व वेलांत हालचालीच्या वेगाने आणि तणाव्यांच्या संवेदनेने हीच पहिली. तिचा शेंडा साधारण तासाभरात एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे आधार शोधत हवेत वर्तुळ काढत राहतो. तणाव्याच्या टोकाला काडीने हलकेच स्पर्श केला, तर साधारण अर्ध्या मिनिटात ते वळू लागलेले भिंगातून दिसते. एकदा तर 25 सेकंदांतच वळले. सुमारे 2 मिलिग्रॅम वजनाचा दोऱ्याचा फास टोकावर ठेवला, तरी तणावा वाकला.

पुढचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. डार्विनने याच तणाव्यांवर पाण्याचे थेंब उडवले, पिचकारीने इतका मारा केला की अख्खा तणावा हेलकावू लागला. तो वळला नाही. एका वेलाचे तणावे दुसऱ्याच्या तणाव्यांवर घासले जातील असे वेल ठेवले, तेव्हाही वळले नाहीत. दोन मिलिग्रॅमच्या दोऱ्याला दाद देणारा हात पावसाच्या थेंबाला दाद देत नाही. पावसाळी जंगलात वाढणाऱ्या वेलाने प्रत्येक थेंबाला मूठ वळली असती, तर तो कुठेच पोचला नसता.

आधार सापडल्यावर तणावा स्प्रिंगसारखी वेटोळी घेतो आणि वेलाला जवळ ओढतो. दोन्ही टोके बांधलेला धागा एकाच दिशेने पीळ घेऊ शकत नाही, म्हणून अर्धी वेटोळी एका दिशेची आणि अर्धी उलट दिशेची असतात, मध्ये छोटासा सरळ तुकडा. घरच्या वेलावर हे सहज पाहता येते. या वेटोळ्यांमुळे वारा आला की तणावा ताणतो, सैल होतो, पण तुटत नाही. डार्विन वादळी वाऱ्यात मुद्दाम कुंपणावरचा एक वेल पाहायला बाहेर पडला होता आणि त्याला दोन नांगरांवर उभ्या जहाजाची आठवण झाली. ही वेटोळी पडतात कशी, याचा छडा त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे चालू राहिला. काकडीच्या तणाव्यातली एक धाग्यांची पट्टी एका बाजूने अधिक आकसते आणि त्यामुळे पीळ पडतो, हे 2012 साली दाखवले गेले.

लावणी आणि निगा

इतके कळले की निम्मी बागकाम-पुस्तिका आपोआप लिहून होते. लोक कृष्णकमळाला लोखंडी पाइपाचा दणकट मांडव करून देतात आणि वेल चढत नाही म्हणून हळहळतात. तणावा बारीक असतो, जाड खांबाला तो वेढा घालू शकत नाही. त्याला सुतळी, काथ्या, बारीक तार किंवा जाळी हवी. दणकट मांडव ओझे पेलण्यासाठी जरूर करावा, पण त्यावर सुतळ्या आडव्या-उभ्या ताणून द्याव्यात. कोवळा शेंडा हाताने ओढून बांधू नये. सुतळी त्याच्या फेरीच्या टप्प्यात ठेवली की तो स्वतः धरतो.

लावणी फांदीपासून करावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला ना कोवळी ना जून अशी, वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची फांदी घ्यावी. खालची पाने आणि सगळे तणावे काढून टाकावेत, नाहीतर फांदी आपली शक्ती आधार धरण्यात घालवते. वाळू आणि चाळलेले शेणखत मिसळून त्यात दोन पेरे पुरावीत आणि सावलीत ठेवावे. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. पुढे मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत हलवावे. बियांपासूनही रोप होते, मात्र त्यासाठी गर धुऊन काढावा लागतो आणि उगवण अनियमित असते. काही बिया पंधरवड्यात उगवतात, काही महिन्यांनी. या बियांचे महत्त्व पुढे येईल.

ऊन निदान पाच-सहा तास हवे. सावलीत वेल पाने देतो, फुले देत नाही. नत्राचे खत जास्त झाले तरी तेच होते, म्हणून हिरवागार पण न फुलणारा वेल पाहिला की मी आधी खताची चौकशी करते. पाणी नियमित द्यावे, पण कुंडीच्या तळाशी साचू देऊ नये, मुळे कुजतात. युरोपात या कुळातल्या बऱ्याच जातींना थंडीच्या भीतीने काचघरात ठेवावे लागते. पुण्या-मुंबईच्या हवेत ती काळजी नाही. इथे खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते. तापलेल्या गच्चीवरच्या कुंडीतली मुळे भाजतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि जमल्यास कुंडीवर दुपारची सावली येईल असे पाहावे. वेलाचे डोके उन्हात आणि पाय सावलीत, हे सूत्र.

फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून हिवाळा सरताना छाटणी करावी, जुन्या गुंत्यातली वाळलेली काडी काढावी. छाटणीला घाबरणाऱ्यांचा वेल दोन वर्षांत वरच्या टोकाला फुलणारा आणि खाली काड्यांचा भारा होतो.

एका दिवसाचे फूल

कृष्णकमळाचे फूल एक दिवसाचे. तेवढ्या वेळात त्याला खूप काही साधायचे असते. त्याच्या मध्यभागी एक दांडा वर येतो. त्यावर पाच पुंकेसर, त्यांच्यावर अंडाशय आणि सर्वांत वर तीन कुक्षी. परागकोशांची तोंडे खालच्या बाजूला असतात. मध असतो अगदी तळाशी, एका पातळ झाकणाखाली. रंगीत तंतूंचे कडे म्हणजे पाहुण्याला उतरायला केलेले अंगण. तिथे उतरलेला कीटक मधासाठी गोल फिरतो आणि त्याची पाठ वरच्या परागकोशांना घासते. अट एकच, पाहुणा उंच हवा. मधमाशी इतकी बुटकी असते, की ती खालून निघून जाते किंवा वर चढून नुसते पराग घेऊन जाते. कुक्षीला तिचा स्पर्शच होत नाही.

हे फूल ज्याच्या मापाचे बेतले आहे, तो आपला काळा, गुंजारव करणारा भुंगा. अमेरिकेतही त्याचेच भाऊबंद हे काम करतात. फूल उमलते तेव्हा तीनही कुक्षी वर ताठ असतात. मग तास-दोन तासांत त्या हळूहळू खाली झुकतात आणि परागकोशांच्या पातळीवर येतात, म्हणजे भुंग्याच्या पाठीवर दुसऱ्या फुलाचे पराग असतील तर ते कुक्षीला लागतात. ज्या फुलाच्या कुक्षी झुकत नाहीत, त्याला फळाची आशा जवळजवळ नसते. सुटीच्या दिवशी फुलाजवळ खुर्ची टाकून बसावे. ही हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसते.

हा भुंगा मराठी वाचकाला परका नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी जो दृष्टान्त येतो, त्यातला लाकूड पोखरणारा आणि तरी कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर हाच. त्यातले लाकूड पोखरणे ही नुसती कल्पना नाही. हा भुंगा वाळक्या लाकडात बोगदा करून त्यात अंडी घालतो. वाळके लाकूड नाही तर भुंग्याची पुढची पिढी नाही. नव्या वसाहतींत वठलेली फांदी दिसली की ती लगेच तोडली जाते, जुने वासे जाऊन लोखंड आणि सिमेंट आले, बांबूचे तुकडे कचऱ्यात गेले. ब्राझीलमध्ये पॅशनफ्रूटचे बागाईतदार या भुंग्यांसाठी बागेत लाकडाची घरटी ठेवतात, कारण भुंगे नसले तर मजूर लावून हाताने परागीकरण करावे लागते. आपल्याला गच्चीच्या कोपऱ्यात एखादा जुना ओंडका किंवा बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवता येतील, पाऊस लागणार नाही अशा जागी.

सगळ्या गल्लीत एकच वेल

आता मूळ प्रश्न. समजा ऊन आहे, खत बेताचे आहे, भुंगेही येतात. तरी फळ का नाही?

कृष्णकमळाच्या शोभेच्या बहुतेक जाती स्वतःचे पराग नाकारतात. त्याच फुलाचे, किंवा त्याच वेलावरच्या दुसऱ्या फुलाचे पराग कुक्षीवर पडले, तरी फलधारणा होत नाही. जातभाई हवा, पण तो दुसरा वेल हवा. बाजारातल्या पॅशनफ्रूटमध्येही हा भेद आहे. थंड, उंच भागात होणाऱ्या जांभळ्या फळाच्या वेलाला स्वतःचे पराग चालतात. उष्ण, सखल प्रदेशातल्या पिवळ्या फळाच्या वेलाला ते चालत नाहीत.

मग शेजारणीकडेही कृष्णकमळ आहे, समोरच्या वाड्यातही आहे, त्यांचे पराग येत नाहीत का? येतात. पण शेजारणीने आपला वेल कुठून आणला? तुमच्याकडून फांदी नेऊन. तुम्ही कुठून आणला? माहेरून. समोरच्यांनी शेजारणीकडून. फांदी लावून वाढवलेला वेल हा नवा जीव नसतो, तो त्याच जिवाचा तुकडा असतो. दहा घरांत दहा वेल दिसतात, पण वनस्पतीच्या हिशेबात ती एकच व्यक्ती दहा कुंपणांवर पसरलेली असते. भुंगा एका अंगणातून दुसऱ्या अंगणात पराग नेतो आणि फुलाच्या दृष्टीने ते आपलेच पराग ठरतात. काही शोभेचे वेल तर माणसाने केलेले संकर असतात आणि ते मुळातच वांझ असतात. त्यांच्याकडून फळाची अपेक्षाच करू नये.

फांदी मागणे आणि देणे हा आपल्या बागकामातला सर्वांत सुंदर व्यवहार आहे. पैसे लागत नाहीत, ओळख वाढते, माहेरचा वेल सासरी पोचतो. त्या व्यवहाराला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. पण त्याची एक किंमत आहे आणि ती वेल भरतो. ओळखीच्यांतच फिरत राहिलेला वेल फुलतो, फळत नाही. त्याला फळ हवे असेल, तर अनोळखी गावाहून, वेगळ्या मुळाचा, पण त्याच जातीचा वेल आणावा लागतो. बियांपासून केलेली रोपे इथेच कामाला येतात, कारण प्रत्येक बी हा नवा जीव असतो. दुसरा वेल मिळाला आणि भुंगे कमी असले, तर कुक्षी खाली झुकल्या की मऊ कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याला लावावेत. आठवड्याभरात अंडाशय फुगू लागला, तर काम झाले.

पाने खाणारे पाहुणे

निगेविषयी एक मुद्दा राहिला, आणि तो वादाचा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात वेलावर काटेरी, तांबूस-तपकिरी अळ्या दिसतात आणि पाहता पाहता पाने संपतात. लोक फवारा मारतात. ही अळी पुढे केशरी-तपकिरी, काळ्या ठिपक्यांचे, संथ उडणारे फुलपाखरू होते. या वंशातल्या पानांत विषारी द्रव्ये असतात. अळी ती पचवते, आणि मोठेपणी फुलपाखराला हात लावला तर ते पिवळा, दुर्गंधी द्रव सोडते. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून ते इतके निवांत उडते.

अमेरिकेत या वेलांचे आणि त्यांच्या फुलपाखरांचे वैर फार जुने आहे. तिथल्या काही पॅसिफ्लोरांच्या पानांवर अंड्यांसारखे दिसणारे पिवळे ठिपके असतात. ते पाहून मादी ‘इथे आधीच कुणी अंडी घातली आहेत’ असे समजून पुढे जाते. 1981 साली प्रयोगाने हे सिद्ध झाले. पानांच्या देठांवर मधाच्या ग्रंथी असतात, त्यांवर मुंग्या येतात आणि त्या अळ्यांना हुसकावतात. आपल्याकडे कुंपणांवर, पडीक जागी वाढणारी याची रानटी बहीण, पॅसिफ्लोरा फीटिडा, तर कळीभोवती चिकट जाळीच विणते. त्या जाळीत लहान कीटक अडकतात आणि तिच्यात पाचक द्रव्येही आहेत, हे भारतीय संशोधकांनी 1995 साली दाखवले.

आपले केशरी फुलपाखरू मात्र इथलेच आहे. पॅसिफ्लोरा इकडे येण्यापूर्वीपासून ते रतनपुरुषासारख्या इथल्या वनस्पतींवर जगत होते. परदेशी वेल आला आणि त्याने तो स्वीकारला. आपण नाव देऊन वेल आपला केला, फुलपाखराने पाने खाऊन केला. मी फवारा मारत नाही. अळ्या फार झाल्या तर निम्म्या वेलावरून उचलून उरलेल्या निम्म्यावर सोडते. जोमदार वेलाला पुन्हा पाने फुटतात आणि नव्या फुटीवर फुलेही येतात.

यंदा कुणी कृष्णकमळाची फांदी मागितली, तर जरूर द्यावी. जोडीला एवढे सांगावे, की फळ हवे असेल तर दुसरी फांदी आपल्या ओळखीत नसलेल्या घरून मागून आणा, आणि एखादा वाळका ओंडका टाकून देऊ नका.